सूचना : येत्या रविवारच्या श्रवणसत्राबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता अमेरिकन रॉक गायक-गिटारवादक लू रीड यांचा १९७५ सालचा ‘मेटल मशीन म्युझिक’ हा दोन तबकड्यांचा अल्बम संपूर्ण ऐकविला जाईल. त्यात गाणे नाही, ठेका नाही, शब्दही नाहीत. अ‍ॅम्प्लिफायरसमोर ठेवलेल्या गिटारींतून उठणारा फीडबॅक (स्पीकरचा आवाज पुन्हा गिटारीत शिरून वाढत जाणारी कर्कश शीळ), टेपचा वेग कमी-जास्त करून थरावर थर चढविलेला, एवढाच ऐवज आहे. प्रत्येक बाजू सुमारे १६ मिनिटांची असून डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून येणारे आवाज परस्परांपासून पूर्णपणे स्वतंत्र आहेत. त्यामुळे मधल्या खुर्च्यांवर बसल्यास दोन्ही बाजूंचा झगडा अधिक स्पष्ट जाणवेल. पहिली काही मिनिटे नुसता कर्कश गोंगाट वाटेल, परंतु कान सरावल्यावर त्यातील बारीक, किणकिणत्या स्वरांकडे लक्ष जाऊ लागते. ही थट्टा आहे असा आक्षेप पूर्वीपासून घेतला जातो. मात्र २००२ साली बर्लिनमध्ये झाइटक्रात्झर या वाद्यवृंदाने हेच ध्वनी लिपिबद्ध करून ध्वनिक वाद्यांवर वाजविले, हे आक्षेपकांनी ध्यानात घ्यावे.

चौथ्या बाजूच्या शेवटी खाच बंद वर्तुळाची असल्याने सुई उचलेपर्यंत आवाज थांबत नाही. ती संयोजकच उचलतील, कृपया कोणी तबकडीला हात लावू नये. ज्यांना कानात आवाज घुमण्याचा त्रास आहे त्यांनी इअरप्लग आणावेत किंवा मागील दाराजवळ बसावे. मध्येच उठून जाण्यास कोणाचीही हरकत नाही. लहान मुलांना आणू नये.