माळरानावर सरसकट चराईबंदी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूर जिल्ह्यातील माळराने शेळ्या-मेंढ्यांना कायमची बंद करावीत, अशी मागणी अधूनमधून होते. माळ वाचवण्याची त्यामागची तळमळ मला पूर्ण मान्य आहे; पण सरसकट बंदीने माळ वाचेल असे मला वाटत नाही आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या कोरड्या मुलखाचा अनुभवही तेच सांगतो.

ग्रीस, स्पेन, इस्रायल या देशांत हजारो वर्षे शेळ्या-मेंढ्या चरत आल्या आहेत. मेंढी मुख्यतः गवत खाते, तर शेळी झुडपांचा पाला आणि कोवळे शेंडे ओरबाडते, त्यामुळे कोणते जनावर सोडले यावर टेकडीचे रूप ठरते. ग्रीसमधील काटेरी पानांचा केर्मीस ओक शेळ्यांनी सतत कुरतडला, की ठेंगणा, गोलसर आणि घट्ट होऊन बसतो. मधला एखादा फुटवा शेळीच्या तोंडापलीकडे गेला, तरच तो उंच वाढतो. चराई अति झाली, तर जनावरे टाळतात तीच काटेरी झुडपे माजतात आणि चराई अगदी थांबली, तर झुडपांची दाटी होऊन उन्हाळ्यात वणवे भडकतात. शेळ्या झाडोऱ्याची नासाडी करतात म्हणून इस्रायलने १९५० साली त्यांच्या चराईवर कायद्याने कडक निर्बंध घातले. वणवे रोखण्यास शेळ्याच उपयोगी पडतात हे ध्यानात घेऊन २०१८ मध्ये तो कायदा रद्द केला.

तिकडे पाऊस हिवाळ्यात, आपल्याकडे जून ते सप्टेंबरात. म्हणून तिथले वेळापत्रक इथे चालणार नाही. झुडपांची रीत मात्र तीच आहे. ज्या मुरमाड माळावर बारमाही कळप फिरतात, तिथे पवन्या आणि डोंगरी ही कसदार गवते हटून कुसळी उरते आणि शेळी ज्याला तोंड लावत नाही तो तरवड पसरतो. तिथेच बोरीची काटेरी जाळी बाजूला सारून पाहिले, तर आत पवन्याचा एखादा ठोंब बी धरून उभा दिसतो. विलायती बाभळीची गोष्ट आणखी वाईट, कारण शेळ्या तिचा पाला टाळतात, पण शेंगा आवडीने खातात आणि लेंड्यांतून तिचे बी माळभर पेरतात. ज्या माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली नान्नजचे अभयारण्य झाले, त्याला तर मोकळा गवताळ माळच लागतो.

आपले कित्येक धनगर मेंढपाळ दिवाळीनंतर पश्चिमेकडे जातात आणि पावसाळ्यात माघारी येतात. पावसाळाभर सगळा माळ बंद केला, तर त्यांनी मेंढरे न्यायची कुठे? म्हणून माळाचे भाग पाडावेत; गवताचे बी गळेपर्यंत एकच भाग राखावा आणि दर वर्षी तो बदलावा. दाट झुडपांच्या भागात शेळ्या जाऊ द्याव्यात, परंतु बाभळीच्या शेंगा खाल्लेले कळप काही दिवस स्वच्छ माळावर आणू नयेत. कोणता भाग कधी बंद, हे वनविभागाने मेंढपाळांना ग्रामसभेत बसवून ठरवावे आणि मे महिन्यातच ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे.

आपला,
एक वाचक, उत्तर सोलापूर