चि. राणीस, अकोल्याला

जि. यवतमाळ
रविवार, रात्री

चि. राणीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "बाबा, आता मी वर्गात तोंडच उघडत नाही." मी उगाच कापसाच्या भावाचं काढलं. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून लिहायला बसलो. गप्प बसू नकोस, एवढंच सांगायचं होतं.

'आय डिडन्ट वेन्ट' म्हणालीस म्हणून पोरं हसली. मराठीत 'मी गेले नाही' म्हणताना भूतकाळ 'गेले'तच राहतो, म्हणून आपली जीभ 'वेन्ट' सोडत नाही. इंग्रजीत भूतकाळाचं ओझं 'डिड' उचलतो, मागचं क्रियापद मोकळं: 'आय डिडन्ट गो'. प्रश्नातही तसंच, 'व्हेअर डिड यू गो?'

आणि हसणाऱ्यांपैकी किती जण 'आय हॅड गॉन टु अमरावती यस्टरडे' म्हणतात, ते मोज एकदा. आपण 'काल अमरावतीला गेलो होतो' म्हणतो, त्यातला 'होतो' तिकडं 'हॅड' होऊन घुसतो. तिथं नुसतं 'वेन्ट' हवं. 'हॅड' लागतो तो होऊन गेलेल्या दोन गोष्टींपैकी आधीची दाखवायला. 'व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट': बस आधीच गेली, तू धुरळा पाहत उभी. 'द बस लेफ्ट' म्हटलंस तर तू पोचलीस अन् बस हलली. तसंच 'यस्टरडे' असेल तिथं 'आय हॅव सीन' नाही, 'आय सॉ'.

उच्चाराचंही सांगून ठेवतो. 'वॉकेड' म्हणायचं नाही, 'वॉक्ट'. शेवटी 'इड' येतो तो फक्त ट किंवा ड आवाजानं संपणाऱ्या क्रियापदांना: वॉन्टिड, नीडिड. बाकी प्लेड, वॉश्ट. पण उच्चार चुकला म्हणून गप्प बसायचं नाही, बाई.

फ्रेझल व्हर्बची, म्हणजे 'गेट अप'सारख्या जोडीच्या क्रियापदांची, ती दोनशेची यादी फाडून टाक. 'गेट'चे वीस अर्थ एका रात्रीत पाठ केले की सकाळी सगळ्यांचं कालवण होतं. आपण हाक मारतो, उडी मारतो, गप्पा मारतो; त्यात कोणी कोणाला मारतं का? तसंच हे, जोडी पूर्ण उचलायची. रोज पाचच, आणि प्रत्येकाला घरचं वाक्य: 'द वेल ड्राइड अप', 'वी रॅन आउट ऑफ डीझेल', 'द पॉवर वेन्ट ऑफ ॲट नाइन'. दुसऱ्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी अर्थ झाकून मोठ्यानं म्हण. अडलं ते पुन्हा पहिल्या दिवशी.

एक खोच मात्र आहे. 'टर्न ऑफ द पंप' आणि 'टर्न द पंप ऑफ' दोन्ही चालतात. पण 'इट' आला की तो मधेच बसतो, 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' कधीच नाही. उलट 'लुक आफ्टर'ची जोडी फुटत नाही: 'लुक आफ्टर इट'. म्हणून जिथं 'इट' बसतो ती प्रत्येक जोडी वहीत 'इट' घालूनच लिही, नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

मास्तरकी सुरू झाली माझी. तुझी आई आतून म्हणतेच आहे, लेकराला पत्र लिहिता की फळ्यावर लिहिता? चुकलं. तू गोठ्यात उभी राहून ढवळ्याला 'कम हिअर' म्हणायचीस आणि तो यायचा, तेव्हा गावात कोणाची हसायची हिंमत नव्हती. एवढ्या मोठ्या शिंगांशी बोललीस, आता बाकावरच्या पोरांना भितेस? पुन्हा तेच बोललो. पण मोठ्या काकांचं काय झालं, तुला ठाऊक आहे. एकदा मुके झाले ते झालेच.

उद्या सकाळच्या एसटीनं जवसाची चटणी आणि तुरीची डाळ पाठवतो. डबा स्टीलचा आहे, दिवाळीला परत आण.

पत्र मिळालं की पुढच्या बाकावर बसशील ना?

तुझा,
बाबा