आधी चष्मा, मग बोलणे

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

लेझर शस्त्रक्रिया न करताच आपण मला घरी पाठवलेत, त्याला पाच महिने झाले. जे झालेच नाही त्याबद्दल आभार मानणे थोडे चमत्कारिक वाटेल. पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

मी पुण्यात मुद्रितशोधनाचे काम करतो. वय ३८, दोन्ही डोळ्यांना उणे सातचा नंबर. पावसात दुचाकीवरून जाताना काचांवरून ओघळणाऱ्या पाण्याला कंटाळून मी लेझर करून घ्यायचे पक्के केले होते. आपल्याकडे येण्यापूर्वी एका चकचकीत केंद्रात जाऊन आलो. सकाळपर्यंत माझ्या डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स होत्या आणि त्याच दुपारी तिथे तपासणी उरकली. लेन्समुळे पारपटलाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, आकार काही काळ बदलतो, म्हणून त्या आठवडा-दोन आठवडे आधी काढून ठेवाव्या लागतात, हे मला आपल्याकडेच प्रथम समजले. तिथे डॉक्टर जेमतेम तीन मिनिटे भेटले. बाकीचे बोलणे समुपदेशकाने केले आणि दिवाळीपर्यंतची सवलत सांगून संमतीपत्र पुढे सरकवले. माझा चष्मा तेव्हा शेजारच्या खोलीत राहिला होता. सात नंबरवाल्याचे स्पष्ट जग वीतभरही नसते. तो कागद नाकाशी धरून मी वाचू लागलो, तेव्हा ‘वाचताय काय, सगळे सहीच करतात’ असे हसत सांगण्यात आले. सही न करता मी उठलो तो शहाणपणाने नव्हे, निव्वळ रागाने.

आपल्याकडे सगळ्या तपासण्या संपल्यावर मी सवयीने टेबलावर चाचपडू लागलो. आपण उठलात, यंत्रामागे राहिलेला माझा चष्मा शोधून काढलात, खणातल्या मऊ कापडाने दोन्ही काचा पुसल्यात, काड्या उघडून तो माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, “आधी घाला, मग बोलू.” मी तो नाकावर नीट बसवेपर्यंत आपण गप्प होतात. बाहेर रुग्णांची रांग होती, हे मी येताना पाहिले होते.

मग केसपेपरच्या पाठीमागे आपण वजाबाकी मांडलीत. पारपटलाची जाडी सर्वसाधारणपणे ५४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते, माझी ४८५. त्यातून लेझरसाठी उचलायच्या वरच्या पापुद्र्याचे ११० गेले, सात नंबर उतरवायला सुमारे १०५ गेले, उरले २७०. “अडीचशे उरले तरी चालते असे म्हणणारे आहेत, मी तीनशेच्या खाली जात नाही,” असे आपण म्हणालात. यंत्राने काढलेल्या पारपटलाच्या नकाशात खालच्या बाजूला दिसणारा संशयास्पद उंचवटाही दाखवलात. अशा डोळ्यावर लेझर केल्यास पारपटल हळूहळू पुढे फुगून नजर आणखी बिघडू शकते, हे आपण न घाबरवता सांगितलेत. डोळ्यात लेन्स बसवण्याचा पर्यायही सांगितलात, पण त्याआधी विचारलेत, “बारीक टाइप चष्मा काढून वाचता ना?” मी हो म्हणताच आपण हसलात. नंबर घालवला असता तर थोड्याच वर्षांत चाळिशी लागली असती आणि ज्या नजरेवर माझे पोट आहे तीच मी पैसे मोजून देऊन बसलो असतो. हा प्रश्न आधीच्या ठिकाणी कोणालाही सुचला नव्हता. सवलतीच्या तक्त्यात त्याला जागा नसावी.

तेव्हापासून मला एक खोडच लागली आहे. बँकेत एखाद्या आजोबांपुढे अर्ज सरकवताना खिडकीपलीकडचा माणूस त्यांचा चष्मा सापडेपर्यंत थांबतो का, ते मी बघत राहतो. थांबणारे भेटतात, आणि अपेक्षेपेक्षा जास्त भेटतात. त्यांना पाहिले की मला आपल्या खणातले ते कापड आठवते.

वजाबाकीचा तो कागद मी चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवला आहे. पुढच्या वर्षी नकाशा पुन्हा काढायला आपण बोलावले आहे, तेव्हा तो सोबत आणीन. या पत्राचे प्रूफ मात्र नेहमीप्रमाणे चष्मा काढूनच तपासले आहे; तरीही एखादी वेलांटी चुकली असल्यास दोष माझा, डोळ्यांचा नव्हे.

आपला कृतज्ञ,
एक रुग्ण