बुटातला कागद बदलणाऱ्या काका-काकूंना

प्रिय काका आणि काकू,

तिथे मी तुम्हाला मस्यू आणि मादाम म्हणत होते, पण मनात पहिल्या तासापासून काका-काकूच होतं. माझी भाची तिकडेच लील शहरात शिकते. पुढच्या रविवारी ती तुमच्याकडे येईल तेव्हा हे पत्र फ्रेंचमध्ये वाचून दाखवेल. मी मात्र मराठीतच लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. फ्रान्सहून परत आल्यापासून जो भेटतो तो पॅरिसचं विचारतो आणि मी तुमचंच सांगत बसते. दर वेळी सांगताना गळा दाटून येतो, वाक्य अर्धवट राहतं. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

मी घुग्घुसची. चंद्रपूर जिल्ह्यातलं आमचं हे गाव कोळशावर जगतं. माझे बाबा भूमिगत खाणीत होते. त्यामुळे उत्तर फ्रान्समधल्या जुन्या खाणपट्ट्यात पायी हिंडायची सहल निघतेय असं कळलं, तेव्हा मी पहिल्या दिवशीच पैसे भरले. १७२० मध्ये फ्रेन गावात कोळसा सापडला, १९९० मध्ये वानी गावातली, या पट्ट्यातली शेवटची खाण बंद झाली, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने हा सगळा पट्टा जागतिक वारसा म्हणून जाहीर केला, एवढं वाचून मी आले होते. खाणीतून काढलेल्या दगडमातीचे डोंगर आमच्याकडेही आहेत. तुमच्याकडच्या डोंगरांवर पांढऱ्या सालीची बर्चची झाडं उगवलेली पाहिली आणि मी उभीच राहिले. काळ्या ठिसूळ दगडांतून आपोआप उगवलेलं जंगल. काही डोंगर आतून अजून धुमसतात, तिथे थंडीतही जमीन कोमट लागते, असं सांगितलं गेलं तेव्हा मी वाकून हात लावून पाहिला होता.

आणि ते तळं, मार आ गोर्यो! खाली कोळसा काढून पोकळी झाली, वरची जमीन हळूहळू बसत गेली आणि खोलगट भागात पाणी साचलं. जमीन खचणं म्हणजे काय ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. आमच्याकडे त्या शब्दानेच पोटात गोळा येतो. त्याच खचलेल्या जागी आज पाणकावळे पंख पसरून बसतात, काठाला बोरू माजलेत, आणि बाजूला तो लांबलचक काळा ढिगारा गप्प पडून आहे. मी फोटो काढत मागे राहिले. चूक म्हणायची तर एवढीच.

काठाजवळच्या पाणथळीत पाय घसरला आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. बाहेर काढेस्तोवर दोन्ही बूट पाण्याने भरले, घोटा मुरगळला. ऑक्टोबरची संध्याकाळ, उजेड झरझर कमी होत होता. पुढे गेलेल्यांना हाका मारल्या. ज्यांच्या भरवशावर मी घर सोडून आले होते त्या सहलवाल्यांचा माणूस फोनवर म्हणाला, आम्ही सेंट आमाँच्या वाटेला लागलोय, मागे येता येणार नाही, तुम्ही गाडी करून या. ज्या मुक्कामाच्या जागेचे पैसे आधीच भरले होते तिथे फोन केला. सातनंतर दार उघडत नाही, एवढंच उत्तर आलं. त्यांची नावं मी लिहीत नाही. पण त्या दोन फोननंतर मी त्या ओल्या वाटेवर बसून रडले, हे त्यांना कधीतरी कळावं असं वाटतं.

काका, माझे बाबा एक गोष्ट नेहमी सांगायचे. पाळी संपली की लॅम्प रूममध्ये दिवे परत येतात. एक जरी दिवा कमी आला तरी खाली कुणीतरी राहिलंय हे कळतं, आणि मग घरी कुणी जात नाही. तुमच्याकडेही असंच होतं हे तुम्ही हातवाऱ्यांनी सांगितलंत. माझ्या मोबाईलमध्ये बाबांचा हेल्मेट घातलेला फोटो आहे. त्यातल्या दिव्यावर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, "लांप." मी म्हणाले, "लॅम्प." त्यानंतर आपल्याला भाषेची अडचण फारशी आलीच नाही.

पण ते नंतरचं. आधी तुमचा कुत्रा आला, मग काकूंची पिवळी टोपी दिसली. मी कोण, कुठली, इथे काय करतेय, यातलं काहीही न विचारता काकूंनी आपला स्कार्फ काढून माझ्या गळ्यात गुंडाळला. काका, तुम्ही माझी पिशवी घेतलीत आणि माझ्या पावलाने चालू लागलात. आरेंबेर्गच्या त्या फरसबंदी रस्त्याच्या कडेने आपण किती हळू चाललो! थोड्या थोड्या अंतरावर तुम्ही थांबायचात आणि काहीतरी दाखवायचात. कधी एखादी अळंबी, कधी झाडावरची सुतार पक्ष्याची भोकं, आणि शेवटी रस्त्याच्या तोंडाशी असलेला जाँ स्ताब्लिंस्कींच्या स्मरणाचा दगड. पोलंडहून आलेल्या कुटुंबातला मुलगा, याच रस्त्याच्या खाली खाणीत राबलेला, पुढे १९६२ मध्ये सायकलचा जगज्जेता झालेला. त्यांच्याच सांगण्यावरून १९६८ मध्ये पॅरिस-रुबे ही सायकल शर्यत या सुमारे २३०० मीटरच्या दगडी वाटेवरून गेली. हे तुम्ही फोनवरच्या भाषांतरातून सांगितलंत आणि खाली जमिनीकडे बोट करून दोनदा म्हणालात, "इथेच, इथेच खाली." मला वाटलं, गावाचं कौतुक दाखवताय. माझा घोटा दुखतोय, थांबूया असं मला म्हणावं लागू नये म्हणून तुम्ही थांबत होतात, हे मला घरी परत आल्यावर लक्षात आलं.

तुमचं ते लाल विटांचं घर, चिकोरी घातलेली कॉफी, बटाटा आणि लीकचं, म्हणजे कांद्याच्या जाड पातीसारख्या भाजीचं, सूप. मी मांस खात नाही म्हटल्यावर काकूंनी हातातली पळी ठेवून दुसरं पातेलं चढवलं. हे सगळं मी विसरणार नाहीच. पण ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते वेगळंच आहे.

रात्री काकांनी माझे बूट स्टोव्हशेजारी ठेवले आणि त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. मी बघत होते. खेळाचं पान होतं. सायकलस्वाराचा पिवळ्या कपड्यांतला मोठा फोटो, त्याचं अर्धं तोंड डाव्या बुटातून बाहेर राहिलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर आमचं घुग्घुसचं क्वार्टर आलं. बाबा खाणीतल्या पाण्यातून भिजलेले बूट घेऊन यायचे आणि आई त्यात 'तरुण भारत'चे बोळे भरायची. कागद पाणी ओढतो, पण एकदा भिजला की त्याचा उपयोग संपतो. म्हणून आई रात्री एकदा उठायची, ओले बोळे काढायची, कोरडे भरायची आणि पुन्हा झोपायची. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. आम्ही पोरं अर्धवट झोपेत तो कागदाचा आवाज ऐकायचो.

त्या रात्री तुमच्या घरात मला तसाच आवाज आला. जिन्याची एक पायरी करकरली. मला वाटलं कुत्रा असेल.

सकाळी बूट घालायला गेले आणि डाव्या बुटातून बोळा काढला. सायकलस्वार नव्हता. शब्दकोडं होतं, पेन्सिलने निम्मं सोडवलेलं. उजव्या बुटातही दुसरंच पान. सायकलस्वार स्टोव्हशेजारच्या लाकडांच्या टोपलीत पडला होता, चोळामोळा होऊन, ओलाच. बूट आतून कोरडे, जरासे कोमट. मी तिथेच जमिनीवर बसले. काकू, तुम्ही मला पाय दुखतोय का विचारलंत आणि मी हो म्हणाले. काय सांगणार होते?

चार तासांपूर्वी भेटलेली बाई. पुन्हा कधी दिसणार नाही. तिचे बूट सकाळपर्यंत निम्मे ओले राहिले असते तरी तुम्हाला कुणी बोल लावला नसता, मी तर आभारच मानले असते. तरीही थंडीत पांघरूण बाजूला सारून कुणीतरी खाली आलं, आपलं अर्धवट राहिलेलं कोडं फाडलं आणि माझ्या बुटात भरलं. सकाळी त्याचा उल्लेखही केला नाही.

१० मार्च १९०६ ला तुमच्याच खाणपट्ट्यात कूरियेरला स्फोट झाला, १०९९ माणसं गेली. आत कुणी जिवंत नाही असं मानून शोध थांबवला होता, आणि २० दिवसांनी १३ जण स्वतः वाट काढत वर आले. सूप पिताना काकांनी मला तो आकडा बोटांवर दाखवला होता, दहा आणि तीन. ज्या गावांनी हे पाहिलंय त्यांना माणूस मागे सोडणं काय असतं ते कुणी शिकवावं लागत नसेल. पैसे घेऊन माणसं हिंडवणाऱ्यांनी निदान संध्याकाळी एकदा मोजावीत, एवढीच माझी मागणी आहे. आणि खरं सांगायचं तर चांगुलपणा मी घुग्घुसच्या क्वार्टरांतही भरपूर पाहिलाय. रात्रपाळीच्या माणसाच्या पोरांना शेजारणीने जेवू घालणं, कुणाच्या घरी दुःख झालं की न सांगता पोचणारं पिठलं. तो सातासमुद्रापार, अनोळखी घरात, तशाच कागदाच्या आवाजात भेटेल असं मात्र वाटलं नव्हतं.

आईला जाऊन सहा वर्षं झाली. तुमच्या घरातून निघताना मी काकूंना घट्ट मिठी मारली, ती थोडी जास्तच वेळ होती. त्याचं कारण आता तुम्हाला कळलं असेल.

भाचीबरोबर तिळाचे लाडू पाठवतेय. दातांना कडक लागले तर कॉफीबरोबर खा. शब्दकोड्याचं पान माझ्याकडेच आहे. इस्त्री करून वहीत ठेवलंय. ते मी परत देणार नाही, म्हणून एक कोऱ्या कोड्यांचं पुस्तकही पाठवलंय, भाचीने तिकडेच घेतलंय.

आणि एक विचारायचं राहिलं. भाचीला सांगा, ती मला फोनवर कळवेल. त्या रात्री तुमच्यापैकी नक्की कोण उठलं होतं?

तुमची,
घुग्घुसची पाहुणी