संसारात पडलेल्या मित्रास

भायखळा, मुंबई
रविवार, संध्याकाळ

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र वाचल्यापासून मन लागेना, म्हणून उपासनेहून आलो तो लिहायलाच बसलो. लग्नाआधी पहाटे उठून शास्त्र वाचायचास, उपास धरायचास, तरुण संघाची प्रार्थना कधी चुकवायचा नाहीस. आता पहाटे नळाला पाणी येतं, बाळ उठतं, विरारहून सुटलेल्या लोकलमध्ये बोरिवलीला कसंबसं आत शिरायचं असतं, आणि रात्री गुडघे टेकले तरी तोंडातून शब्द फुटत नाही. त्यात तू नगरकडचा, मराठी मिशनच्या प्रोटेस्टंट मंडळीत वाढलेला. तुझी बायको वसईची कॅथलिक. ती जपमाळ घेऊन बसते, बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेना प्रार्थनेला जाते, आणि तिच्या तारणाचा, म्हणजे पापातून सुटकेचा, जाब देव तुलाच विचारणार असं तू धरून बसला आहेस. ‘लग्न करून मी प्रभूपासून लांब गेलो’ हे तुझं वाक्य मला फार लागलं.

तू प्रेषित पौलाचा आधार घेतलास: अविवाहित माणूस प्रभूच्या गोष्टींची काळजी करतो, लग्न झालेला बायकोला कसं संतुष्ट करावं याची. वचन खरं आहे. पण करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला तो सातवा अध्याय पुरता वाच. ज्याला त्याला देवाकडून आपापलं कृपादान आहे, असं तोच पौल सातव्या वचनात म्हणतो. तुम्हाला फासात अडकवायला मी हे सांगत नाही, असं पुढे पस्तिसाव्यात म्हणतो. एकटं राहणं हे दान आणि संसार हेही दान. तुला संसाराचं मिळालं. दुसऱ्याच्या दानाकडे बघत आपलं वाया घालवू नकोस.

आणि पौलाबरोबर येशूचा शिष्य पेत्र यालाही ऐक. तो तर आपल्यासारखाच संसारी. येशूने त्याच्या सासूचा ताप उतरवला हे आपण रविवारच्या शाळेत शिकलो, आणि पेत्र प्रवासात बायकोला बरोबर नेत असे हे खुद्द पौलानेच लिहून ठेवलंय. हा पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात नवऱ्यांना सांगतो की बायकोबरोबर समंजसपणे राहा, तिला मान द्या, कारण जीवनाच्या कृपेची ती तुमच्याबरोबरीची वारस आहे. का? तर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येऊ नये म्हणून! तुझी प्रार्थना का अडली, हे तू मला विचारतोस. मी तुला उलट विचारतो, मित्र म्हणून, राग मानू नकोस: गेल्या महिन्यात तिच्याशी कसा बोललास? तुझ्या पत्रात तिची श्रद्धा, तिची माळ, तिचं माहेर, सगळ्यांची तक्रार आहे. ती दमते का, तिला काय हवंय, रात्री बाळाला कोण घेतं, याची एक ओळ नाही. मला वाटतं, प्रार्थना तिथे अडली आहे.

‘पती हा पत्नीचं मस्तक’ हेही तू लिहिलंस. पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं हे वचन आपल्याकडे लग्नात वाचतात, आणि पुष्कळ पुरुषांना तेवढंच पाठ असतं. त्याच्या आधीचं एकविसावं वचन सगळ्या विश्वासणाऱ्यांना सांगतं की ख्रिस्ताच्या भयात एकमेकांच्या अधीन असा. मग बायकांसाठी तीन वचनं, आणि पंचविसाव्यापासून अध्याय संपेपर्यंत बहुतेक सगळं नवऱ्यांसाठी. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं, तसं तुम्ही द्या. मस्तकपण कसं चालवायचं याचा दाखला क्रुसावरचा आहे, आणि त्यात हुकूम सोडणं कुठे बसतं ते मला दिसत नाही.

आता तारणाचं. इथे तुझी खरी गल्लत आहे. इफिसकरांच्या याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होतं. ते आपल्या कर्मांचं फळ नाही, देवाचं दान आहे. तुझी पहाटेची वाचनं, तुझे उपास, तुझं लग्न, यांतल्या कशानेही तुझं तारण झालं नाही. म्हणून ती वाचनं सुटली की ते हातचं गेलं, असंही होत नाही. फिलिप्पैकरांना पौल ‘भीत व कापत आपलं तारण साधून घ्या’ म्हणतो खरा, पण ते तारण मिळालेल्यांना म्हणतो, आणि लगेच सांगतो की इच्छा करणं आणि कृती करणं, दोन्ही तुमच्यात देवच घडवतो. ते घडवण्याची तुझी जागा आता बोरिवलीतली ती एक खोली आणि स्वयंपाकघर आहे.

आमच्या मंडळीत एक वयस्क जोडपं आहे. बाईंना पक्षाघात झाला, नजरही अधू झाली. आजोबा गीताचं पुस्तक दोघांच्या मध्ये धरतात आणि ओळीखालून बोट फिरवत राहतात. बाईंना अक्षरं दिसत नाहीत हे त्यांना ठाऊक आहे. पण बोट थांबलं की कडवं संपलं, हे बाईंना कळतं, आणि त्या बरोबर धृपदावर येतात. आज मी प्रवचनापेक्षा त्या बोटाकडेच जास्त बघत होतो. आत्म्याचं फळ म्हणून प्रीती, सहनशीलता, ममता अशी जी नावं गलतीकरांच्या पत्रात आहेत, ती मला त्या बाकावर दिसतात.

तिच्या कॅथलिक असण्याबद्दल. त्यांच्या शिकवणीत विवाह हा सात संस्कारांपैकी एक आहे. लॅटिन परंपरेत तो संस्कार वधूवर स्वतः एकमेकांना देतात, फादर साक्षीला असतात. आपण बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच संस्कार मानतो आणि लग्नाला देवासमोरचा करार म्हणतो. फरक लहान नाही, आणि तो झाकावा असंही मी म्हणत नाही. पण लग्न केलं म्हणून तारण झालं, असं दोन्हीकडे कोणीच शिकवत नाही. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीत ऑग्सबर्गला लूथरन (प्रोटेस्टंटांतलाच एक पंथ) आणि कॅथलिक मंडळ्यांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. देव माणसाला स्वीकारतो तो केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने, आपल्या पुण्याईवर नाही, हे त्यात दोघांनी मिळून कबूल केलंय. मग माळ ओढणाऱ्या बायकोला तू ख्रिस्ताबाहेरची का समजतोस?

आणि समज, तसं असतं तरी तू काय करणार होतास? कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी याच मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो 1900 साली, स्वतःच्या मनाला पटल्यावर. एवढा मोठा कवी आणि उपदेशक, पण बायकोचा विश्वास त्याला तिच्या वतीने धरता आला नाही. ‘तू आपल्या पत्नीला तारशील की नाही, हे तुला काय ठाऊक?’ असं पौलही विचारतो. पुनरुत्थानानंतर लग्न करत नाहीत, असं येशू म्हणाला. देवासमोर ती तुझी बायको म्हणून उभी राहणार नाही, त्याचं लेकरू म्हणून राहील. तिचा तारणारा एकच आहे, आणि तो तू नाहीस. मला तर यात मोठी सुटका वाटते.

या बुधवारी हाफ डे घे आणि तिच्याबरोबर माहीमला जा. वाद घालायला नको, बाळाला कडेवर घ्यायला जा. रात्री दोघं मिळून नुसती प्रभूची प्रार्थना म्हणा. ती तुम्हा दोघांनाही पाठ आहे. तुझी वेगळी प्रार्थना अजून काही दिवस कोरडी राहिली तरी घाबरू नकोस. पहाटे पाणी तू भर, तिला अर्धा तास झोपू दे, आणि बादल्या भरताना एखादं स्तोत्र म्हणत जा.

माझी बायको तुझ्या बायकोला फोन करणारच आहे. पुढच्या शनिवारी तिघंही जेवायला या, बोंबलाचं कालवण करतो आहोत. ती माळ म्हणेल तर आमच्या घरी खुशाल म्हणू दे, आम्ही बरोबर बसू.

तुझाच,
प्रभूतला मित्र