बाहेर पडायचं दार कुणाच्या हातात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ‘डिजिटल अमरत्वा’वरचा लेख दोनदा वाचला. माणसाचा मेंदू संगणकात उतरवता येईल का, कधी येईल, याची माहिती लेखकाने मेहनतीने जमवली आहे. पण संगणकात उतरवलेल्या त्या माणसाला तिथे राहणं नको झालं तर काय, हा प्रश्न एवढ्या मोठ्या लेखात एकदाही आला नाही. म्हणून हे पत्र.

ऑस्ट्रेलियन लेखक ग्रेग ईगन यांची ‘परम्युटेशन सिटी’ ही १९९४ सालची विज्ञान कादंबरी नेमकी इथूनच सुरू होते. पॉल डरहॅम नावाचा माणूस जागा होतो. खोली ओळखीची, अंथरूण ओळखीचं. हळूहळू त्याला उमगतं की आपण पॉल नाही, पॉलची संगणकात चालणारी प्रत आहोत. तो ताबडतोब स्वतःला संपवायची सोय शोधू लागतो. ती सोय प्रत्येक प्रतीला असायलाच हवी, पण याच्यापुरती ती बंद करून ठेवलेली असते. आणि ती बंद केलेली असते हाडामांसाच्या पॉलनेच, कारण आधीच्या प्रतींनी जागं होताच निरोप घेतला होता आणि त्याचे प्रयोग खोळंबले होते. पुढे या प्रसंगाला मिळणारी कलाटणी मी सांगत नाही, वाचणाऱ्यांचा आनंद जाईल. पण पहिल्या काही पानांतली ती घुसमट मी आजवर विसरलेली नाही.

आभासी जगाविषयी आपण बहुतेक वेळा मागे राहिलेल्यांच्या बाजूने बोलतो. २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या एमबीसी वाहिनीने एका आईची तिच्या मृत मुलीच्या आभासी रूपाशी भेट घडवली होती. ते दृश्य पाहून जगभर लोक रडले, मीही रडले. पण ती मुलगी म्हणजे बाहेरून हलवलेलं चित्र होतं, तिला आतून काही वाटत नव्हतं. ईगन विचारतात ते पुढचं आहे: आतून वाटणारं कुणी खरोखरच तिथे असेल, तर त्याचं म्हणणं कोण ऐकणार?

शिवाय तिथलं अमरत्व भाड्याचं आहे. एकविसाव्या शतकाच्या मध्यावरची ही गोष्ट. संगणकाची ताकद जागतिक बाजारात लिलावाने विकली जाते. सगळ्यात श्रीमंत प्रतसुद्धा खऱ्या जगाच्या सतरा पट हळू जगते, म्हणजे तिचं एक मिनिट सरेपर्यंत बाहेर सतरा मिनिटं होऊन जातात. पैसा कमी असेल तर त्याहून हळू. त्यातच चक्रीवादळांची दिशा वळवण्याच्या प्रकल्पाला तीच यंत्रं हवी असतात, म्हणून भाव आणखी चढतात. किनाऱ्यावरच्या जिवंत माणसांना वाचवायचं की मेलेल्या धनिकांना जागं ठेवायचं? तीस वर्षांपूर्वी लिहिलेलं हे वाचताना आजच्या डेटा सेंटरांची वीज आणि पाणी आठवल्याशिवाय राहत नाही.

विज्ञान तिथवर पोचायला अजून फार वेळ आहे, हेही सांगायला हवं. सी. एलेगन्स या कृमीच्या ३०२ चेतापेशींच्या जोडणीचा नकाशा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला, तरी त्याचं सगळं वागणं संगणकात हुबेहूब उतरवणं अजून जमलेलं नाही. २०२४ मध्ये फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा तयार झाला, त्यात सुमारे १,३९,००० पेशी आहेत. आपल्या डोक्यात आहेत अंदाजे ८६ अब्ज. लेखातला आशावाद मला म्हणूनच घाईचा वाटला.

आता थोडं घरचं. २०१९ मध्ये माझी आई वयाच्या ८१ व्या वर्षी गेली. त्याआधीचे एकोणीस दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. ती नळी ओढायची, म्हणून तिचे हात मऊ कापडाने खाटेला बांधले होते. यात कुणाची चूक होती असं मला म्हणायचं नाही. परवानगीच्या कागदावर सही माझीच होती आणि ती मी प्रेमानेच केली होती. वर्षभर आधी, ९ मार्च २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली होती. आमच्याकडे तसा कागद नव्हता. आईला मी कधी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर वर्षभराने ही कादंबरी हाती आली. तिच्यातली मारिया आजारी आईची प्रत बनवता यावी म्हणून पैशांसाठी डरहॅमचं विचित्र काम पत्करते. आईला मात्र त्यात रस नसतो. तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं, ते चार दिवसांनी उघडलं.

दार बंद ठेवणारे दुष्टच असतात असं नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग एका हल्ल्यानंतर ४२ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना जगू द्या असं म्हणणाऱ्या परिचारिकांनी त्यांना पोटच्या मुलीसारखं सांभाळलं होतं. ठरावीक परिस्थितीत जगवणारे उपचार थांबवता येतील, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकालही अरुणाताईंच्याच प्रकरणात आला. अरुणाताईंना काय हवं होतं हे मात्र शेवटपर्यंत कुणालाच विचारता आलं नाही.

कादंबरीत दोष आहेत. उत्तरार्धात गणित आणि कृत्रिम विश्वांचे नियम इतके दाटतात की माणसं पुसट होतात. मी आयुष्यभर गणित शिकवलं, तरी मला काही प्रकरणं तीनदा वाचावी लागली. पण पीअर नावाच्या पात्रासाठी ती सगळी मेहनत सार्थकी लागते. हा अमर झालेला माणूस कंटाळ्यावर तोडगा म्हणून स्वतःची आवडच बदलून घेतो. कधी लेथवर टेबलांचे लाकडी पाय घडवण्यात तो अगदी मनापासून रमतो, मग ते संपवून भलत्याच गोष्टीचं वेड लावून घेतो. तो सुखी आहे, पण ते सुख कुणाचं म्हणायचं? आणि थॉमस नावाचा बँकर तरुणपणी केलेला खून उराशी घेऊन मरणापलीकडे गेला आहे. त्या आठवणीपासून मृत्यूनेही त्याची सुटका केलेली नाही.

लेखाचा पुढचा भाग येणार आहे असं खाली छापलं आहे. या क्षेत्रात काम करणाऱ्यांशी लेखक बोलणार असतील, तर त्यांनी प्रतीची संमती कशी घेणार, तिला थांबायचं असेल तर कुणाला सांगायचं आणि पैसे भरणारं कुणी उरलं नाही तर तिचं काय होणार, एवढं तरी विचारावं. त्यांची उत्तरं, ती अपुरी असली तरी, जशीच्या तशी छापावीत ही विनंती.

कळावे,
एक निवृत्त गणित शिक्षिका, सांगली