रुजू न झालेली आपली डॉक्टर

कोल्हापूर,
26 फेब्रुवारी

प्रिय सखे,

सकाळी देवपूजा आटोपली आणि पहिलं तुलाच लिहायला बसले. तारीख बघितलीस ना? 1887 साली आजच्याच दिवशी डॉक्टर आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने गेल्या. बाविसावं पुरं व्हायला महिनाभर बाकी होता गं.

आपण जिथे इतकी वर्षं ड्यूटी केली ते सीपीआर म्हणजे पूर्वीचं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. कोल्हापूर संस्थानाने आनंदीला तिथल्या बायकांच्या वॉर्डाची डॉक्टर नेमली होती. नेमणूक झाली, ती मात्र रुजू झालीच नाही. नाइटला वॉर्डातून फेरी मारताना माझ्या मनात हे कितीदा यायचं, तुला ठाऊक आहे. लोक तिच्या फोटोला हार घालतात, भाषणं करतात. मला ती आपल्याकडे यायला निघालेली आणि वाटेतच राहिलेली पोर वाटते.

चौदाव्या वर्षी तिचं बाळ 10 दिवसांचं होऊन गेलं, तेव्हा तिने डॉक्टर व्हायचं मनावर घेतलं. नवऱ्याने, गोपाळरावांनी, तिला शिकवलं आणि अभ्यासापायी मारलंही. मला त्यांचा फार राग येतो. त्यांच्यावाचून ती गेली नसती हेही कळतं, पण राग जात नाही.

1885 चा तो फोटो माझ्या टेबलाच्या काचेखाली अजून आहे. जपानची केई ओकामी, सीरियाची सबात इस्लामबुली, आणि साडीतली आपली आनंदी. तिघीही फिलाडेल्फियाच्या कॉलेजात शिकणाऱ्या. आनंदीचा चेहरा गोल, भरलेला. इतकी वर्षं क्षयाचे पेशंट बघितले, पण त्या चेहऱ्यावर मला दुखणं दिसत नाही. पुढच्या मार्चमध्ये पदवी मिळाली, आणि त्यानंतर वर्षसुद्धा मिळालं नाही.

आपण क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या किती सुया टोचल्या गं! काचेची सिरिंज उकळत ठेवायची, बाटलीतली पावडर विरघळवायची, आणि रोज रडणाऱ्या पोरीला रोज समजवायचं. त्याच पोरी पुढे अंगाने भरून घरी जायच्या. ते औषध सापडलं 1943 साली, तू राहतेस त्या न्यू जर्सीतल्या एडिसनला लागून असलेल्या न्यू ब्रन्सविकला, रटगर्स विद्यापीठात, मातीतल्या जिवाणूपासून. आणि 1883 मध्ये आनंदी अमेरिकेत उतरली ती रोझेलच्या कार्पेंटरबाईंकडे. तेही तिथून फार लांब नाही. त्याच मुलखात औषध निघालं, ती गेल्यावर 56 वर्षांनी. हे मनात आलं की मला जेवण जात नाही.

कार्पेंटरबाईंनी दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या एका मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि हे नातं जुळलं. आनंदी त्यांना मावशी म्हणायची. गोपाळरावांनी तिच्या अस्थी मावशीकडेच पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर घराण्याच्या जागेत, तिच्या नावाचा दगड आहे.

तू तिकडे मुलाकडे गेल्यापासून मागेन मागेन म्हणत होते, आज मागते. एका रविवारी त्याला गाडी काढायला सांग आणि जाऊन ये. फूल मिळेल ते ने. हाताने दगड पूस आणि तिच्याशी दोन शब्द मराठीत बोल. कोल्हापूरच्या सिस्टर आल्यात म्हणून सांग.

आत्ता बर्फ असेल, घाई करू नकोस. एप्रिल-मेमध्ये जा. गुडघ्याचा पट्टा घालून जा.

तुझीच,
नाइट ड्यूटीची जोडीदारीण